काही बदलणार नाही, असं ते म्हणाले

वंदनाचा फोन आला तेव्हा मी कोपरला, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेत होते. वंदना म्हणजे सुजाताची वहिनी. एरवी फोन केला की आधी ‘‘बिझी आहात का हो?’’ असं विचारणारी. त्या दुपारी काही न विचारता म्हणाली, ‘‘माधवीताई... ताई गेल्या.’’ सुजाताच्या मेंदूत रक्तस्राव झालेला, कल्याणच्या हॉस्पिटलात ठेवलेलं, आणि शुद्ध अशी आलीच नव्हती. तरी मी धरून चालले होते की ती उठेल आणि उठल्या उठल्या नर्सला काहीतरी खवचट बोलेल. वर्ग तसाच सोडला, खाली येऊन रिक्षा धरली. रिक्षात सहज फोन उघडला, तर सुजाता तिथे आधीच हसत होती. ती काम करत होती त्या कंपनीने तिचा फोटो टाकला होता. ‘आमच्या कुटुंबाचा कणा’ असं वर लिहिलेलं, आणि खाली आमच्या जुन्या भागीदाराने, अमोलने, चार ओळींची कमेंट टाकली होती, हात जोडलेल्या चिन्हासकट. फोटो मी लगेच ओळखला. आमच्या खोपटच्या ऑफिसातला, आम्हा तिघांचा. त्यात आता ती आणि अमोल असे दोघंच होते. मला कापलं होतं, फक्त तिच्या खांद्यावर ठेवलेला माझा हात तेवढा राहून गेला होता... तिला अजून हॉस्पिटलातून बाहेरसुद्धा आणलं नव्हतं.

सुजाता गायकवाड कॉम्प्युटर गेम बनवायची. हे आधी सांगायला हवं, कारण तिने बनवलेल्या कुठल्याही गोष्टीवर आज तिचं नाव नाही. शहाडला स्टेशनच्या पलीकडे त्यांचं बैठं घर. वडील, आप्पा, तिथल्याच एका कारखान्यात कामाला होते आणि वस्तीतल्या गाण्याच्या पार्टीत गायचे. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांचा आवाज माइक नसला तरी पुढच्या चौकापर्यंत जायचा असं सुजाता सांगायची, आणि तिच्या बोलण्यातलं निम्मं अतिशयोक्ती म्हणून सोडून देणारी मी, तो आवाज ऐकल्यावर गप्प बसले. पण ते नंतर.

आमची ओळख झाली ठाण्यातल्या एका ऑफिसात. परदेशातल्या मोठ्या मोठ्या गेमसाठी बारीकसारीक काम तिथे यायचं. मी झाडं आणि दगड काढायचे. नुसते दगड! सुजाता टेस्टर होती, म्हणजे तयार झालेला गेम पुन्हा पुन्हा खेळून त्यातल्या चुका शोधणारी. तिची पद्धत अशी की जिथे पुढे जायला सांगितलंय तिथे ती मागे जायची. तलवार द्यायचे, ही ती फेकून द्यायची आणि शत्रूसमोर नुसती उभी राहायची. ‘‘अगं, तो मारेल ना तुला,’’ मी म्हणायचे. ‘‘मारू दे की. मारल्यावर तो काय करतो ते बघू दे मला. बिचारा तसाच उभा राहतो बघ, पुढचं कुणी लिहिलंच नाहीये त्याचं.’’ अमोल आमचा तिथला टीम लीडर. डोंबिवली पूर्वेचा, हुशार, कामाला वाघ, आणि तेव्हा खरंच चांगला मित्र. माझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रंदिवस तो आमच्याबरोबर होता, हे मी आजही नाकारत नाही. त्यानेच एकदा जेवताना विषय काढला की, आपण दुसऱ्यांचे दगड किती वर्षं काढायचे?

मग आम्ही तिघांनी खोपटला एसटी डेपोसमोर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. गेमची कल्पना सुजाताची. एक नदी, एक होडी, एक म्हातारा नावाडी. पलीकडे जायला माणसं येतात, प्रत्येकाजवळ काहीतरी ओझं असतं, आणि कुणाला कुठे बसवायचं हे आपण ठरवायचं, नाहीतर होडी कलंडते. शिलाई मशीन घेऊन माहेरी निघालेली बाई, नोकरी सुटल्याचं घरी न सांगितलेला माणूस, भांडलेले दोन भाऊ. नीट पलीकडे पोचवलं की उतरताना माणूस एक काहीतरी बोलून जायचा. बस, एवढंच. गुण नाहीत, घड्याळ नाही, कुणाला हरवायचं नाही. नाव मी सुचवलं. आमच्या कोकणात खाडी ओलांडून नेणाऱ्या होडीला ‘तर’ म्हणतात. सुजाताला ते फार आवडलं. ‘‘आणि ‘तर’ म्हटलं की पुढे काहीतरी सांगायचं बाकी असतं ना गं,’’ ती म्हणाली.

नावाड्याच्या आवाजासाठी दोन नाटकवाले बोलावून झाले, पण ते नावाड्याचं काम केल्यासारखे बोलत होते. शेवटी सुजाता एका रविवारी आप्पांनाच घेऊन आली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेले. आतल्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, मधे माइक. आप्पांनी कागद हातात घेतला, वाचला आणि खाली ठेवला. म्हणाले, ‘‘हे मी कुणाला सांगतोय?’’ सुजाताने समजावलं, आप्पा, खेळणाऱ्याला. ‘‘तो कुठंय?’’ तो त्याच्या घरी असेल. ‘‘मग समोर कुणी बसल्याशिवाय बोलू कसा मी? भिंतीला बोलू का?’’ झालं. सुजाताने बादली उपडी घातली आणि माइकच्या पलीकडे त्यांच्यासमोर बसली. प्रत्येक वाक्याला ती वेगळी प्रवासी व्हायची. पदर घेऊन बसायची, पाय दुखल्यासारखं करायची, एकदा तर खरंच रडवेली झाली. आणि आप्पा कागदाकडे न बघता तिच्याशी बोलत राहिले... ‘‘बसा, बसा. घाई नाही. पाणी कुठं पळून जात नाही. ते ओझं ठेवा इथं माझ्या पायाशी.’’ मधेच डेपोतली एखादी बस हॉर्न मारायची की थांबायचं, आणि पुन्हा सुरू. अमोल हेडफोन लावून बाहेर बसला होता. संपल्यावर त्याने हेडफोन काढला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. हे मी पाहिलंय. म्हणून तर जास्त राग येतो.

‘तर’ चाललं. गाजलं वगैरे नाही, पण चाललं. लोक लिहायचे की कामावरून येताना आम्ही चार माणसं पलीकडे सोडतो आणि मग घरी जातो. शहाडच्या वस्तीत आप्पांना पोरं ‘ओ नावाडी’ म्हणून हाक मारायला लागली आणि त्यांनाही ते आवडायचं, वर वर चिडायचे. त्याच सुमाराला बंगळुरूच्या एका कंपनीने आमच्या स्टुडिओला मागणी घातली. कंपनी कागदावर अमोलच्या नावावर होती. नोंदणीची धावपळ त्यानेच केलेली आणि आम्हा दोघींना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तोंडी ठरलेलं एवढंच, की विकायचं झालं तर तिघांचं हो हवं. एका सकाळी आम्ही ऑफिसला आलो तर अमोलने पेढे आणले होते. सही आदल्या दिवशीच झाली होती. ‘‘तुम्ही नाही म्हणाला असतात,’’ तो म्हणाला. ‘‘आणि मग सहा महिन्यांत आपण बंद पडलो असतो. मी आपल्याला वाचवलंय. विश्वास ठेवा, काही बदलणार नाही.’’

सुजाताने पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. तिने एकच विचारलं, ‘‘काय काय विकलंस?’’

‘‘काय काय म्हणजे? स्टुडिओ. सगळा.’’

आम्हाला वाटलं होतं सगळा म्हणजे खुर्च्या, कॉम्प्युटर, गेम. आणि नोकरी तर राहिलीच होती. वर्षभराने बंगळुरूच्या कंपनीला एका परदेशी कंपनीने घेतलं. पुढे ती कंपनी आणखी एका कंपनीत विलीन झाली, तिचं नाव बदललं, मग पुन्हा बदललं. दर वेळी एक व्हिडिओ कॉल व्हायचा. कोणीतरी अनोळखी गोरा किंवा आपलाच पण तसंच बोलणारा माणूस हसत सांगायचा की, काही बदलणार नाही. दर वेळी नवा टी-शर्ट यायचा. सुजाताची आई त्या टी-शर्टांची पायपुसणी करायची आणि म्हणायची, ‘‘कापड बरं आहे, लवकर विका म्हणावं अजून एकदा.’’ दुसऱ्या वेळी मला काढलं. झाडं आणि दगड आता कुठेतरी स्वस्तात होत होते. अमोल वर वर चढत गेला आणि घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये राहायला गेला. सुजाताला ठेवलं, घरून काम करायला, कारण ‘तर’ आतून माहीत असलेली ती एकटीच उरली होती. गेमच्या शेवटी आमची नावं यायची, ती एका अपडेटमध्ये गेली. ‘‘जाऊ दे,’’ सुजाता म्हणाली, ‘‘आप्पा आहेत ना आत.’’

आप्पा वारले त्या वर्षी तिला मी फार जवळून पाहिलं. ती रडली कमी. पण वाईट दिवस असला की ती फोनवर ‘तर’ उघडायची आणि काही न करता बसायची. प्रवासी काठावर उभे, होडी थांबलेली, आणि थोड्या थोड्या वेळाने आप्पा म्हणायचे, ‘‘बसा, बसा. घाई नाही...’’ तिची आई स्वयंपाक करता करता आतून उत्तर द्यायची, ‘‘तुम्हाला कधी घाई होती?’’

आणि मग ते घडलं. सुजाताचा भाऊ प्रशांत कल्याणला एका दुकानात कामाला आहे. तिथे एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर त्याला आप्पांचा आवाज ऐकू आला. जवळ जाऊन बघितलं तर पत्त्यांचा गेम. पैसे लावून खेळायचा. हिरव्या टेबलामागे एक हसणारा म्हातारा, फेटा बांधलेला, आणि तो आप्पांच्या आवाजात म्हणत होता, ‘‘बसा, बसा. घाई नाही.’’ पाणी वगैरे कापून टाकलेलं. पुढे ‘‘ठेवा इथं’’, एवढंच... म्हणजे पैसे. आप्पांनी उभ्या जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता. वस्तीत डाव बसला की ते पारावरून उठून जायचे, आणि त्यांच्या उठण्यानेच कितीदा डाव मोडायचा. प्रशांतने ते घरी सांगितलं नाही, फक्त सुजाताला दाखवलं. तिने तिथल्या तिथे मला फोन केला. म्हणाली, ‘‘माधवी, ते आप्पांना जुगाराच्या अड्ड्यावर बसवून आलेत गं.’’

आम्ही दोघी अमोलकडे गेलो. तोपर्यंत त्याने ती कंपनी सोडून दुसरी धरली होती. त्याच्या बायकोने सरबत दिलं. अमोलने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, ‘‘सुजा, आपण स्टुडिओ विकला तेव्हा त्यात रेकॉर्डिंगसुद्धा आलं. त्यांच्या मालकीचं आहे ते. ते कुठेही वापरू शकतात. आणि मी आता तिथे नाही.’’

‘‘आपण नाही विकला,’’ सुजाता म्हणाली. ‘‘तू विकलास.’’

‘‘बरं, मी विकला. पण थोडं प्रॅक्टिकल हो ना. तुला त्रास होतोय ते कळतं मला, पण शेवटी तो फक्त एक आवाज आहे.’’

‘‘मग तुझ्या वडिलांचा लाव.’’

अमोलचे वडील आतल्या खोलीत टीव्ही बघत होते. तो एकदम त्या दाराकडे बघून उठला आणि दार ओढून घेतलं. नंतर म्हणाला, ‘‘बघतो. बोलतो कुणाशी तरी.’’ लिफ्टमध्ये सुजाता मला म्हणाली, ‘‘पाहिलंस? दार लावलं त्याने.’’

त्यानंतर तिने नोकरी सोडली नाही याचं अनेकांना नवल वाटलं. कंपनीत तर तिची निष्ठावान म्हणून ख्याती झाली. खरं कारण मला माहीत होतं. आत राहिलं तरच तो आवाज काढता येईल, असं तिने मनाशी घेतलं होतं. ज्याला विचारावं तो सांगायचा की तो विभाग आमच्याकडे नाही, नव्या मालकांना विचारा. नवे मालक म्हणायचे, हे जुन्यांच्या काळातलं आहे. मग तिला एक सुचलं. ती टेस्टर होती ना! चूक दिसली की ती नोंदवणं हे तिचं कामच. तिने पत्त्यांच्या गेमवर चूक नोंदवली: ‘इथे नदी नाही, होडी नाही. हा माणूस इथे काय करतोय?’ थोड्याच दिवसांत उत्तर आलं, ‘अपेक्षेप्रमाणे चालू आहे,’ आणि नोंद बंद. तिने पुन्हा उघडली. पुन्हा तेच. मालक बदलले, टी-शर्टचा रंग बदलला, सुजाता ती नोंद उघडत राहिली आणि तिकडून कोणीतरी ती बंद करत राहिलं. ‘अपेक्षेप्रमाणे चालू आहे.’ ती मला हे हसत सांगायची. तिचं बीपी त्याच काळात वाढलं, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी झोप घ्या म्हणून सांगितलं. तिने ते ऐकलं नाही.

शेवटी नव्या कायद्यामुळे पैशांचे असले गेम बंद करायची वेळ कंपनीवर आली आणि तो म्हातारा, ते हिरवं टेबल, सगळं गेलं. मी पेढे घ्यायच्या बेतात होते, तेवढ्यात सुजाताचाच फोन आला. त्याच साफसफाईत कंपनीने जुने, कमी खेळले जाणारे गेमसुद्धा काढून टाकले होते. त्यात ‘तर’ होतं. ज्यांच्या फोनवर होतं त्यांनाही ते उघडेना, नुसता कोरा निळा पडदा. कारण ते चालत होतं कंपनीच्या सर्व्हरवर. आणि मूळ रेकॉर्डिंग? स्टुडिओ विकला त्या आठवड्यात सुजाताने स्वतःच्या लॅपटॉपवरचीसुद्धा एकूणएक फाइल कंपनीला देऊन आपली प्रत पुसली होती. मी तेव्हा तिला म्हटलंही होतं की एक ठेव गं. तर म्हणाली, ‘‘दिलं म्हणजे दिलं. मागे ठेवून देणं मला जमत नाही.’’ तिने त्यांच्याशी सरळ व्यवहार केला, एवढाच तिचा मूर्खपणा.

त्या संध्याकाळी आम्ही शहाडला नदीकडे जरा चालून आलो. ती म्हणाली, ‘‘मला हवं होतं तेच झालं ना गं? आप्पा तिथून निघाले. मग असं का वाटतंय की मीच त्यांना घालवलं?’’ मी म्हटलं, तू नाही घालवलंस. ती म्हणाली, ‘‘एवढी वर्षं त्यांच्यासाठी तिथे राहिले, माधवी. आता उद्या सकाळी लॉग-इन कशासाठी करू, ते सांग.’’ तरीही तिने लॉग-इन केलं, पुढचे काही महिने करत राहिली, आणि एक दिवस काम करतानाच तिला उलटी झाली आणि एक बाजू लुळी पडली.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वस्तीतल्या विहारात झाला. त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजी बोलले, शेजारच्या बायका बोलल्या. मग कडक इस्त्रीच्या कुडत्यातला अमोल उठला. तो चांगलं बोलतो. म्हणाला, सुजा नेहमी म्हणायची की आपण सगळे एक कुटुंब आहोत. असं ती कधीही म्हणाली नव्हती. मी उठणार होते, वंदनाने माझा हात दाबून धरला. कार्यक्रम संपल्यावर तो सुजाताच्या आईच्या पाया पडायला वाकला. आईने त्याला उठवलं नाही, आशीर्वादही दिला नाही. वाकलेल्या त्याला तिने साध्या आवाजात विचारलं, ‘‘आप्पांचा आवाज आणलास का रे?’’

पत्त्यांच्या गेमचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं, आम्ही असं समजत होतो. प्रशांत माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. अमोल उभा राहिला. ‘‘आई, ते आता... ते कंपनीकडे...’’

‘‘तूच नेलेलास ना? मग तूच आणून द्यायचा. माझ्या पोरीला नाही दिलास. मला तरी दे.’’

‘‘बघतो, आई,’’ अमोल म्हणाला.

‘‘बघतो’’ हा शब्द ऐकल्यावर आईने मान फिरवली आणि वंदनाला म्हणाली, जेवणाची पानं घे. त्या पंगतीत अमोल जेवला की नाही ते मी पाहिलं नाही. त्याचा पुढे फोन नाही, मेसेज नाही. मी पाठवलेला मेसेज त्याने वाचलाय, एवढं दिसतं. आठवड्याभराने कंपनीकडून मात्र माणूस आला, आवाज घेऊन नव्हे, तर लॅपटॉप, मॉनिटर आणि हेडफोन परत न्यायला. बिचाऱ्याला काही माहीतही नव्हतं. आईने त्याला चहा पाजला आणि एकेक वस्तू पुसून त्याच्या हातात दिली.

मागच्या रविवारी मी शहाडला गेलेले. घराला रंग काढलाय. प्रशांतचं म्हणणं होतं की हवा बदलेल जरा. पुढची खोली पिस्ता रंगाची झालीय. सुजाताच्या खोलीत गेले तर तिथेही तीन भिंती नव्या, आणि खिडकीजवळची एक भिंत तशीच जुनी, कळकट. मला वाटलं रंग कमी पडला. वंदना म्हणाली, ‘‘आईंनी रंगाऱ्याला हात लावू नाही दिला.’’ मग मला दिसलं. टेबल-खुर्ची असूनही सुजाता काम करायला कायम खाली बसायची, भिंतीला टेकून, लॅपटॉप पाटावर ठेवून. तेल चोपडायची सवय होती तिला. इतक्या वर्षांत तिचं डोकं टेकायचं तिथे भिंतीवर तेलाचा डाग पडलाय, तळहाताएवढा, मधे गडद आणि कडेला फिकट होत गेलेला. कुणालाही घाण वाटावी असाच.

मी खाली बसले. पाट अजून तिथेच आहे. मागे टेकले, तर तो डाग माझ्या मानेशी येत होता... ती माझ्यापेक्षा बुटकी होती. वीस वर्षं बरोबर चालून हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी थोडी खाली सरकले, आणखी थोडी, मग नीट जमलं. आतून आईने विचारलं, ‘‘चहा टाकू का गं?’’ मी हो म्हटलं आणि तशीच बसून राहिले.